धुळ्यातून सुरुवात, खडकवासल्याला दारं, कावेरीवर धरण: विश्वेश्वरय्यांनी पाण्याला शिस्त कशी लावली?

दर वर्षी १५ सप्टेंबर आला की एक गोष्ट मोबाईलवर हमखास येते. रात्रीची रेल्वे, डब्यात इंग्रज प्रवासी, कोपऱ्यात बसलेला एक साधा भारतीय माणूस. तो अचानक साखळी ओढतो, गाडी थांबते आणि पुढे रूळ तुटलेला सापडतो. चाकांच्या आवाजावरून त्याने ते ओळखलेलं असतं. तो माणूस म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

गोष्ट रंजक आहे. सांगणाऱ्यागणिक तिचे तपशीलही बदलतात. पण तिच्यामुळे एक गंमत होते. विश्वेश्वरय्या म्हटलं की लोकांना साखळी आठवते आणि त्यांचं खरं काम मागे पडतं. त्या कामाचा मोठा भाग महाराष्ट्रात झाला आहे. ते शिकले पुण्यात, पहिली नेमणूक नाशिकला, पहिली परीक्षा धुळ्यात आणि ज्या शोधामुळे त्यांचं नाव झालं तो लागला खडकवासल्याच्या सांडव्यावर.

कर्नाटकाने त्यांना दैवत मानलं हे बरोबरच आहे. पण त्यांच्या नोकरीची जवळपास पंचवीस वर्षं मुंबई इलाख्यात गेली, हे आपल्याकडेही फारसं कुणाला माहीत नसतं.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

बंगळुरूच्या उत्तरेला चिक्कबळ्ळापूरजवळ मुद्देनहळ्ळी नावाचं छोटं गाव आहे. तिथे विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. १५ सप्टेंबर १८६१ ही तारीख सर्वसाधारणपणे मानली जाते, काही ठिकाणी १८६० हे वर्षही आढळतं. घराणं तेलुगू भाषिक, मूळ आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचं. नावातलं मोक्षगुंडम तिथून आलं. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते. घरात पोथ्या भरपूर, पैसा बेताचाच.

वडील लवकर गेले. मुलगा शिकायला बंगळुरूला मामांकडे आला. मामांवर भार नको म्हणून शिकवण्या धरल्या. लोकांच्या मुलांना शिकवायचं आणि त्यातून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवायचा. असं करत सेंट्रल कॉलेजमधून बी.ए. पूर्ण झालं.

पुढे काय? इंजिनिअर व्हायचं होतं, पण त्यासाठी बाहेर जावं लागणार होतं आणि त्याला पैसे लागणार होते. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि हा तरुण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. मुळा आणि मुठेच्या संगमाजवळचं हे कॉलेज म्हणजेच आजचं सीओईपी.

१८८३ मध्ये ते एल.सी.ई.च्या परीक्षेत पहिले आले. एल.सी.ई. ही त्या काळची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी. पहिल्या नंबरामुळे मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचं दार उघडलं. १८८४ मध्ये ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. शिष्यवृत्ती म्हैसूरची होती, पण पंचवीस वर्षं लाभ झाला तो मुंबई इलाख्याला.

धुळ्याची पहिली परीक्षा

नाशिकनंतर खानदेशात, धुळ्याला बदली झाली. तिथे पांझरा नदीच्या पात्राखालून पाण्याची नळवाट टाकायचं काम त्यांच्याकडे आलं. कालव्याचं पाणी नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायचं तर एक तर वरून पूल बांधायचा, नाही तर नदीखालून नळ घालायचा. नळात एका बाजूने पाणी खाली उतरतं आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या दाबाने वर चढतं. इंजिनिअर याला सायफन म्हणतात.

काम सुरू झालं आणि पाऊस आला. पांझरेला पूर येऊ लागले, खोदलेलं वाहून जाऊ लागलं. नव्या इंजिनिअरने वरिष्ठांना कळवलं की पावसाळा संपेपर्यंत काम थांबवलेलं बरं. वरिष्ठांना हा कामचुकारपणा वाटला. वयाच्या विशी-बाविशीत, नोकरीच्या पहिल्याच टप्प्यावर हा शेरा परवडणारा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी पुन्हा काम हाती घेतलं आणि पावसाशी झगडत ते पूर्ण केलं.

धुळ्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पांझरेच्या काठावर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली होती. नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी काढायचं आणि खालची सगळी जमीन मोठमोठ्या फडांत वाटायची. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस असेल तर पुढे दुसऱ्या फडाची पाळी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर देखरेखीला हवालदार. सरकारचा एकही कारकून नसताना गावकरी आपलं पाणी आपण वाटून घेत.

या मुलखात काम केलेला इंजिनिअर पंधरा-सोळा वर्षांनी पुणे जिल्ह्यात पाणीवाटपाची नवी पद्धत मांडतो आणि तिचं फडाशी असलेलं साम्य नजरेत भरतं. ती गोष्ट पुढे येईलच.

सिंधूचं गढूळ पाणी

तेव्हा सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. सिंधू नदीच्या काठावरच्या सक्कर शहराला पिण्याचं पाणी द्यायची योजना अडली होती. नदीत पाणी मुबलक होतं, पण अतिशय गढूळ. गाळणीचे मोठे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. १८९०च्या दशकाच्या मध्यावर हे काम विश्वेश्वरय्यांकडे सोपवलं गेलं.

त्यांनी साधा विचार केला. गाळणी बांधायची कशाला? नदीच्या तळाशी वाळू आहेच, तीच गाळणी. त्यांनी नदीलगत विहीर खणली आणि तिच्या तळातून नदीच्या पात्राखाली बोगदा नेला. नदीचं पाणी वाळूतून झिरपत या बोगद्यात उतरायचं. झिरपताना गाळ वरच राहायचा आणि विहिरीत स्वच्छ पाणी जमायचं. तिथून ते पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवलं की पुढे नळाने शहरभर.

आपल्याकडे उन्हाळ्यात बायाबापड्या कोरड्या नदीत झरा उकरतात आणि वाटीने नितळ पाणी भरतात. तत्त्व तेच. फरक एवढाच की इथे त्या झऱ्यावर अख्खं शहर जगणार होतं. १८९५ मध्ये योजना पूर्ण झाली आणि या इंजिनिअरचं नाव इलाखाभर झालं.

खडकवासल्याची दारं

यानंतर सुरत आणि मग पुणे. याच सुमारास, १८९८ मध्ये, ते जपान पाहून आले. शाळा आणि कारखाने यांच्या जोरावर एक आशियाई देश काही दशकांत कुठल्या कुठे पोचलेला त्यांनी पाहिला. हा प्रवास त्यांच्या डोक्यातून पुढे कधीच गेला नाही. परतल्यावर १८९९ पासून पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

खडकवासल्याचं धरण तेव्हा नवंच होतं. १८६९ ते १८७९ या काळात कर्नल फाईफ यांच्या देखरेखीखाली ते बांधलं गेलं, म्हणून तलावाला लेक फाईफ म्हणत. पुणे शहर, लष्करी छावणी आणि मुठा कालव्याखालची शेती या सगळ्यांची तहान या एका तलावावर होती. पण पुण्याची वस्ती आणि शेतीची मागणी वाढत होती आणि पाणी पुरत नव्हतं.

विचित्र गोष्ट अशी की दर पावसाळ्यात याच तलावातून भरपूर पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. सांडवा म्हणजे धरणाच्या भिंतीतला मुद्दाम कमी उंचीचा भाग, जिथून जास्तीचं पाणी सुरक्षितपणे बाहेर पडतं. म्हणजे जुलैत पाणी नदीत सोडून द्यायचं आणि एप्रिलमध्ये त्याच पाण्यासाठी आकाशाकडे बघायचं.

मग सांडव्याची भिंतच उंच का करू नये? इथेच खरी अडचण होती. भिंत उंच केली तर मोठ्या पुरात पाणी तिच्याही वर चढणार. धरणावर ताण वाढणार आणि वरच्या बाजूची जमीन बुडणार. म्हणजे पूर येईल तेव्हा सांडवा बुटका हवा आणि पूर ओसरला की उंच हवा.

भिंतीला हे जमत नाही, पण दाराला जमतं. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दारांची रांग बसवायचं ठरवलं. दारं बंद असली की मूळ सांडव्यापेक्षा सुमारे ८ फूट जास्त पाणी साठतं. पूर आला की दारं उघडतात.

पण ऐन पुरात, रात्रीबेरात्री, मुसळधार पावसात एवढी दारं उघडणार कोण? माणूस वेळेवर पोचला नाही तर? त्यांचा खरा शोध इथे आहे. ही दारं उघडायला माणूसच लागत नव्हता. दारांना जड वजनं जोडून तराजूसारखा तोल साधलेला होता. तलावाची पातळी ठरलेल्या रेषेच्या वर गेली की चढलेलं पाणीच तो तोल बिघडवायचं आणि दारं आपोआप उघडायची. पातळी खाली आली की पुन्हा तोल साधायचा आणि दारं मिटायची. वीज नाही, इंजिन नाही, पहारेकरी नाही. ज्या पाण्याचा धोका, तेच पाणी दार उघडणार.

१९०३ मध्ये ही दारं खडकवासल्याला बसली. धरणाची उंची न वाढवता तलावाचा साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कावेरीवरच्या कृष्णराजसागरावरही अशी दारं आली.

या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. त्यावर स्वामित्वधन घ्यायला मात्र त्यांनी नकार दिला. सरकारी नोकरीत, सरकारी कामासाठी केलेल्या रचनेचे वेगळे पैसे घेणं त्यांना पटत नव्हतं.

ऊस एकाचा, पाणी कुणाचं?

धरणात पाणी वाढवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं काम जास्त अवघड होतं, कारण तिथे दगड-लोखंडाशी नाही, माणसांशी गाठ होती.

कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं, ते हवं तेव्हा हवं तितकं पाणी घेत. ऊस लावत. पाणी स्वस्त, मग जास्त सोडलं तर बिघडलं काय? बिघडत होतं ते असं: वरच्या गावांत जमिनी पाणथळ होत होत्या, डास आणि हिवताप वाढत होता आणि कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना पाण्याचा थेंब मिळत नव्हता. ऊस आणि पाणी हा वाद महाराष्ट्राला आजचा वाटतो, पण तो सव्वाशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात जसाच्या तसा होता.

विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्याखालच्या जमिनीचे ठरावीक गट पाडायचे. गटाला किती पाणी मिळणार हे काही वर्षांसाठी आधीच ठरवून द्यायचं. गटाच्या एका हिश्शातच ऊस घ्यायचा, उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिकं, आणि पिकांची फेरपालट करायची. पाणी पाळीने आणि मोजून. यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त गावं भिजणार होती आणि शेतकऱ्यालाही आपल्याला पाणी मिळणार याची खात्री राहणार होती.

ज्यांना आतापर्यंत मनसोक्त पाणी मिळत होतं त्यांना हे कसं आवडणार? विरोध झाला, सरकार पाणी तोडतंय असा ओरडा झाला. त्यांनी शेतकऱ्यांच्या सभा घेतल्या आणि आकडे मांडून योजना समजावली. १९०१ मध्ये नेमलेल्या पाटबंधारे आयोगापुढेही ही पद्धत मांडली गेली आणि पुढे दख्खनच्या कालव्यांवर ती रुजली.

पांझरेकाठच्या फडात हेच तर होतं: जमिनीचे गट, पिकांची पाळी, पाण्याचं मोजमाप. गावाने गावापुरतं जे केलं होतं, ते आता सरकारी कालव्यावर आलं.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडायचं ठरवलं. अनेक वरिष्ठांना मागे टाकून ते वर आले होते आणि त्याची धुसफूस खात्यात होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या काळात भारतीय माणसाला मुख्य अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत पोचता येईल अशी आशा नव्हती. कर्तबगारी कितीही असो, वरचं दार बंद होतं आणि ते आपोआप उघडणारं नव्हतं.

मुसी नदीचा कोप

निवृत्तीच्या उंबरठ्यावर ते युरोपच्या दौऱ्यावर होते. तेव्हा हैदराबादच्या निजामाकडून बोलावणं आलं.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला भयंकर पूर आला. शहराच्या वरच्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला, लहानमोठी तळी एकामागून एक फुटली आणि ते सगळं पाणी एकदम शहरात घुसलं. पूल वाहून गेले, मोहल्ले साफ झाले. मृतांचा आकडा साधारण १५,००० सांगितला जातो.

अशा वेळी पहिली मागणी असते ती नदीकाठी उंच भिंती बांधण्याची. विश्वेश्वरय्यांनी नदीचं खोरं, पावसाच्या नोंदी आणि फुटलेल्या तळ्यांची माहिती तपासली. त्यांचा निष्कर्ष असा की पूर शहरात अडवायचा नसतो, तो शहराच्या वर अडवायचा असतो. मुसी आणि तिची उपनदी ईसी या दोघींवर मोठे जलाशय बांधा. पुराचं पाणी तिथे थोपवा, मग हळूहळू सोडा.

त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन तलाव उभे राहिले. पहिला १९२० मध्ये, दुसरा १९२७ मध्ये पूर्ण झाला. प्रत्यक्ष बांधकाम इतर इंजिनिअरांनी केलं, पण मूळ आराखडा विश्वेश्वरय्यांचा. पूर रोखण्यासाठी बांधलेल्या याच तलावांनी पुढे अनेक दशकं हैदराबादला पिण्याचं पाणी पाजलं.

कण्णंबाडीचं धरण

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता झाले. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला शिकले, तिथे ते परतले होते.

म्हैसूरपुढे एक अडचण होती. कावेरीवर शिवनसमुद्र इथे १९०२ पासून वीज तयार होत होती आणि ती दूरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. पण उन्हाळ्यात कावेरी आटली की वीज कमी पडायची. खाणींना तर आणखी वीज हवी होती. दुसरीकडे मंड्याचा मुलूख कावेरीच्या इतक्या जवळ असून कोरडा होता.

विश्वेश्वरय्यांनी कण्णंबाडी गावाजवळ कावेरीवर मोठं धरण सुचवलं. उंची १२४ फूट. संस्थानाच्या अर्थखात्याला घाम फुटला. एवढा खर्च आणि तो वसूल होणार की नाही याची खात्री नाही. अखेर महाराज कृष्णराज वाडियार चौथे यांनी मंजुरी दिली आणि १९११ मध्ये काम सुरू झालं.

आता दुसरा विरोध उभा राहिला. कावेरी पुढे मद्रास इलाख्यात जाते. तिकडे तंजावरची भातशेती तिच्यावर अवलंबून. वरच्या अंगाला धरण झालं तर खाली पाणी येणार का, ही भीती खोटी नव्हती. शिवाय मद्रास सरकारच्या मनात मेट्टूरला स्वतःचं धरण बांधायचं होतं. त्यांनी हरकत घेतली आणि म्हैसूरला फक्त ८० फूट उंचीपर्यंत बांधायची परवानगी मिळाली.

इथे विश्वेश्वरय्यांनी एक मोठा धोका पत्करला. वर भिंत ८० फुटांची, पण पाया १२४ फुटांच्या धरणाचा. पुढे परवानगी मिळाली नसती तर पायात घातलेला जादा पैसा पाण्यात गेला असता. मिळाली, तर धरण पाडून नव्याने बांधायची गरज नव्हती. वाद लवादाकडे गेला, तिथून वर गेला आणि १९२४ च्या कराराने मिटला. पाया तयारच होता, त्यावर भिंत वर चढत गेली. कर्नाटक आणि तमिळनाडू आज ज्या कावेरीवरून भांडतात, त्या भांडणाची कागदपत्रं इथपर्यंत मागे जातात.

भारतात तेव्हा सिमेंट पुरेसं बनत नव्हतं आणि परदेशातून आणायचं तर खर्च अफाट. म्हणून हे धरण सुरखीत बांधलं गेलं. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, ती चुन्यात मिसळायची. आपल्या जुन्या वाड्यांना, विहिरींना वापरायचे तोच माल. हजारो मजूर राबले. हिवतापाने माणसं आजारी पडत होती आणि पावसाळ्यापूर्वी भिंत ठरावीक उंचीवर नेण्यासाठी रात्रीही दिवे लावून काम चालत होतं.

धरण झालं तेव्हा कण्णंबाडी गाव आणि आसपासची वस्ती पाण्याखाली गेली. गावचं जुनं वेणुगोपालस्वामी मंदिरही बुडालं. पुढे पाणी खूप खाली गेलं की ते वर दिसायचं. मंड्याच्या शेतात पोचलेलं पाणी आणि कण्णंबाडीवर चढलेलं पाणी एकच होतं, ही या कामाची दुसरी बाजू.

कृष्णराजसागराच्या कालव्याने मंड्याचा नकाशा बदलला. कोरडवाहू मुलखात ऊस आणि भात आले, साखर कारखाना आला. मंड्यातल्या घराघरात आजही विश्वेश्वरय्यांचा फोटो दिसतो तो यामुळे.

इंजिनिअर दिवाण होतो

१९१२ मध्ये महाराजांनी त्यांना दिवाण केलं. दिवाण म्हणजे संस्थानाचा पंतप्रधानच.

जपानमध्ये पाहिलेलं आता करून बघायची संधी होती. १९१३ मध्ये म्हैसूर बँक निघाली. काही भागांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचा कायदा झाला. १९१५ मध्ये कन्नड साहित्य परिषद, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ. भारतीय संस्थानांतलं हे पहिलं विद्यापीठ. १९१७ मध्ये बंगळुरूत इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. म्हणजे म्हैसूरच्या मुलाला इंजिनिअर व्हायला पुण्याला जायची गरज उरली नाही.

चंदनाची कथा तर मासलेवाईक आहे. म्हैसूरचं चंदन लाकडाच्या रूपात युरोपात जायचं आणि तेल तिकडे निघायचं. पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मनीशी व्यापार बंद पडला. लाकूड पडून राहिलं. मग तेल इथेच का काढू नये, असा विचार झाला आणि चंदन तेलाचा कारखाना उभा राहिला. त्यातूनच पुढे साबण आला. मैसूर सँडल सोप आजही महाराष्ट्रातल्या किराणा दुकानात मिळतो.

राजीनामा कशावरून दिला?

हा भाग शुभेच्छांच्या पोस्टमध्ये सहसा नसतो.

म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत, विशेषतः वरच्या जागांवर, ब्राह्मण समाजाचं प्रमाण फार मोठं होतं. लोकसंख्येत मात्र हा समाज अगदी थोडा. इतर समाजांनी महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मागासलेल्या समाजांना नोकऱ्यांत वाटा कसा द्यायचा, हे तिने सांगायचं होतं.

विश्वेश्वरय्यांना हे मान्य नव्हतं. शिक्षण सगळ्यांना द्या, शिष्यवृत्त्या द्या, पण नेमणूक फक्त गुणवत्तेवर व्हावी, नाही तर कारभार ढासळेल, अशी त्यांची भूमिका होती. महाराजांचं मत वेगळं होतं. १९१८ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या पदावरून बाजूला झाले. मिलर समितीने नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांचा वाटा वाढवण्याची शिफारस केली आणि महाराजांनी ती अमलात आणली.

महाराष्ट्राला हा वाद अनोळखी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच मागास समाजांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला होता. शाहू महाराजांचं म्हणणं होतं की शर्यत सुरू होण्याआधीच काही जण पुढे उभे असतील तर निकालाला गुणवत्ता म्हणता येत नाही. विश्वेश्वरय्या स्वतः गरिबीतून, शिकवण्या करून वर आले होते. पण त्यांच्या घरात पोथ्या होत्या, शिक्षणाची परंपरा होती. पाण्याच्या बाबतीत कालव्याच्या तोंडाशी असलेल्याने सगळं घेऊ नये, शेपटाच्या गावालाही हिस्सा मिळावा, म्हणून ब्लॉक पाडणारा हा माणूस नोकऱ्यांच्या बाबतीत तो नियम लावायला तयार झाला नाही. त्यांच्या मोठेपणासोबत ही गोष्टही नोंदवायला हवी.

थांबणं माहीतच नव्हतं

दिवाणपद सुटलं तेव्हा ते साठीला टेकले होते. पुढची चाळीस वर्षं त्यांनी आरामात घालवली नाहीत.

भद्रावतीचा लोखंड कारखाना तोट्यात रुतला होता. १९२३ पासून काही वर्षं त्यांनी त्याची सूत्रं हाती घेतली आणि तो सावरला. टाटा स्टीलच्या संचालक मंडळावर ते १९२७ पासून १९५५ पर्यंत होते. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा पुस्तकरूपाने मांडला. स्वतंत्र भारताच्या पंचवार्षिक योजना यायला तेव्हा अजून सतरा वर्षं होती.

बिहारमध्ये मोकामाजवळ गंगेवर पूल कुठे बांधायचा यावर वाद होता. १९५२ मध्ये तो सोडवायला ज्यांना बोलावलं त्यांचं वय नव्वदीपार होतं. विश्वेश्वरय्यांनी जागा पाहिली, मत दिलं आणि पुढे तो पूल, राजेंद्र सेतू, उभा राहिला.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये बंगळुरूत त्यांचं निधन झालं, तेव्हा वयाची शंभर वर्षं पूर्ण झाली होती.

खडकवासल्याचं काय झालं?

त्यांच्या मृत्यूच्या नऊ महिने आधी, १२ जुलै १९६१ रोजी, पुण्यावर पानशेतचा प्रलय आला. पानशेतचं धरण नवं होतं, बांधकाम पूर्ण झालेलं नव्हतं. ते सकाळी फुटलं आणि त्याचा सगळा लोंढा खाली खडकवासल्यावर आदळला. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही. ज्या धरणाच्या सांडव्यावर साठ वर्षांपूर्वी त्यांनी दारं बसवली होती, ते त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. पुरात ओसंडणारं पाणी सांभाळणं आणि वरचं अख्खं धरण अंगावर येणं, यात फार फरक आहे. अपुरं काम आणि पावसाळा यांची गाठ पडली की काय होतं, ते धुळ्याच्या त्या तरुण इंजिनिअरने १८८४ च्या सुमारासच वरिष्ठांना सांगून पाहिलं होतं.

खडकवासला पुन्हा बांधलं गेलं. पुण्याच्या नळाला आजही तिथलं पाणी येतं. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेला, म्हणजे व्हीएनआयटीला, त्यांचं नाव आहे आणि १५ सप्टेंबर देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. मुठा कालव्याचं पाणी शहराला किती आणि शेतीला किती, उसाला किती आणि शेपटाकडच्या गावाला किती, हा वाद मात्र दर उन्हाळ्यात पुन्हा निघतो. पुढच्या अभियंता दिनाला साखळी ओढल्याची गोष्ट पुढे पाठवाल, तेव्हा सोबत हीही पाठवा.